वरून दिसलेलं म्हावरं

गेली चौदा वर्षं मी बर्फ बघते आहे. दक्षिण ध्रुवाभोवतीचा समुद्र हिवाळ्यात गोठतो, उन्हाळ्यात मोकळा होतो, आणि तो किती गोठला नि किती मोकळा झाला हे उपग्रहांच्या नोंदींवरून काढणं हे माझं काम. हे काम मी लालबागमधल्या एका टॉवरच्या सतराव्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात बसून करते. उजव्या कोपऱ्यात आई भाजी निवडते. आठवड्यातून दोन दिवस संस्थेत जाते, उरलेले दिवस हेच ऑफिस. ध्रुवावर मी कधीही गेलेले नाही. खरं सांगायचं तर हाताने धरलेला बर्फ म्हणजे उसाच्या रसाच्या ग्लासातला, तोही आई ओरडते म्हणून काढून टाकण्यापुरता.

माझं काम घरी समजावून सांगायचा प्रयत्न मी पहिल्या वर्षीच केला होता. ध्रुवावर सहा महिने अंधार, वर ढग, म्हणून साध्या कॅमेऱ्याने तिथलं काही दिसत नाही. मग मायक्रोवेव्ह. पाण्यातून त्या लहरी एका प्रमाणात बाहेर पडतात, बर्फातून दुसऱ्या. ढग त्यांना अडवत नाहीत, अंधाराशी त्यांचं देणंघेणं नाही. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मायक्रोवेव्हने बघतात, तर तो वितळत नाय?" त्यानंतर मी समजावणं सोडलं.

बाबांना मात्र रस आहे. ते गिरणीत फिटर होते, मोजमापाचं त्यांना कौतुक. रोज सकाळी चहा घेताना विचारतात, "आज बरफ किती गो?" मी आकडा सांगते. कालच्यापेक्षा जास्त असला तर ते मान डोलवतात, कमी असला तर माझ्याकडे असं बघतात की मीच खाल्ला. बिल्डिंगमधले लोक वेगळेच. कुणाला पाऊस कधी थांबणार ते हवं असतं, एकाने तर बहिणीच्या लग्नासाठी बर्फाच्या लाद्या कुठे स्वस्त मिळतील असं विचारलं होतं. आधी मी चिडायचे. आता कुणी काहीही विचारलं की "गुरुवारी" एवढंच सांगते. बहुतेकांचं समाधान होतं.

आमच्याकडे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासळी घेऊन एक मावशी येते. कोळीवाड्यातली. आम्ही चाळीत होतो तेव्हापासून ती येते, चाळ पाडून टॉवर झाला तशी तीही टॉवरमध्ये आली. मला पहिला मासा तिने भरवला असा तिचा दावा आहे. आईचा दावा वेगळा आहे. टॉवरमध्ये आल्यावर सोसायटीने ठराव केला की मासळीची पाटी माणसांच्या लिफ्टमधून आणायची नाही, सामानाच्या लिफ्टमधून आणायची. मावशीने ठराव अक्षरशः पाळला. पाटी सामानाच्या लिफ्टमध्ये ठेवली, बटण दाबलं आणि स्वतः माणसांच्या लिफ्टने वर आली. वास तिच्याबरोबर आला. सेक्रेटरींनी ठराव काढून परत वाचला.

पाटी आमच्या दारासमोर लागते. मजल्यावरची सगळी माणसं वाडगी घेऊन तिथे जमतात. मासळी संपली की मावशी हात धुते, आत येऊन पाणी पिते, पंख्याखाली पाच मिनिटं टेकते आणि आईशी जगाची उणीदुणी काढते. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. त्याची होडी आता मुलगा चालवतो. मुलगा चौतीस वर्षांचा, चुलतभावाला बरोबर घेऊन जातो. इंजिनाची छोटी होडी, लांब जात नाही, सकाळी गेली की त्याच दिवशी परत.

गौरी-गणपती आटोपल्यानंतरच्या एका शुक्रवारची गोष्ट. श्रावण आणि गणपती मिळून बाबांनी मासळीवाचून जे दिवस काढले होते त्यांचा शेवट झाला होता आणि घरात मंगल वातावरण होतं. मावशी पंख्याखाली बसली. माझ्या लॅपटॉपवर दक्षिण ध्रुव होता. सप्टेंबरात तिथला बर्फ सर्वांत जास्त पसरलेला असतो, मधे जमिनीचा करडा तुकडा आणि भोवती पांढरं कडं.

"हे काय गो, भाकरी?"

"बर्फ आहे, मावशी. मधे जमीन."

"मधीच करपली?" ती वाकून बघू लागली. "आणि हे वरून दिसतं?"

"हो. उपग्रहातून."

"मग आपला दर्या पण दिसत असेल."

इथे कोणताही शहाणा माणूस म्हणाला असता की तो विभाग वेगळा, ती माणसं वेगळी. पण चौदा वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी पहिल्यांदाच बरोबर प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, "दिसतो की!"

मावशीने पदराने तोंड पुसलं आणि खुर्ची जवळ ओढली. तेव्हा मला कळलं की ती नुसती टेकायला आलेली नव्हती. मुलाला एका काचेच्या बिल्डिंगमध्ये सिक्युरिटीची नोकरी मिळत होती. युनिफॉर्मसुद्धा शिवून आला होता. जवळ म्हावरं मिळत नाही, लांब जायला होडी पुरत नाही, असं तो म्हणत होता. दोन आठवड्यांनी रविवारी एक माणूस होडी बघायला येणार होता. तिच्या सासऱ्यापासून त्या घरात होडी होती. एक बरा आठवडा गेला, थोडं म्हावरं लागलं, तर ती त्या माणसाला नको म्हणून सांगणार होती. नाहीतर होडी जाणार.

"तू सांग," ती म्हणाली. "जवळपास म्हावरं हाय का नाय?"

"मावशी, सरकारचं येतं की मोबाईलवर, कुठे मासळी मिळेल ते."

"येतं. ते लांबचं सांगतात. आणि त्याला उलटं विचारता येत नाय. तू समोर बसलीस."

मग मी तिला समजावलं की उपग्रहाला मासा दिसत नाही. त्याला पाण्याचा रंग दिसतो. पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती असतात, त्या जिथे दाट तिथे पाणी हिरवं. त्यांना खायला बारीक जीव येतात, त्यांना खायला लहान मासे, लहानांना खायला मोठे. मावशीने ऐकलं आणि माझ्या पाच मिनिटांच्या भाषणाचं एक वाक्य केलं.

"म्हणजे हिरवं दिसलं की म्हावरं."

"साधारण तसंच," मी म्हटलं.

ते "साधारण" मला पुढे नडलं.

रंग बघायचा तर मायक्रोवेव्ह चालत नाही, साधा उजेड लागतो आणि आकाश मोकळं लागतं. त्या आठवड्यात मुंबईवर ढगांची गोधडी होती. पण एका दुपारी ती नेमकी किनाऱ्याजवळ फाटली होती आणि त्या फटीतून एक चित्र मिळालं. शनिवारी मी ते उघडलं. लांबचा समुद्र निळा, अलीकडे हिरवट, आणि किनाऱ्याला लागून एक लालभडक ठिपका. आमच्या चित्रांत लाल म्हणजे सर्वांत दाट. बर्फाच्या कामात एवढ्याशा फरकासाठी डोळे फोडावे लागतात, आणि इथे समुद्र हात वर करून ओरडत होता. मला इतका आनंद झाला की मी बाबांना बोलावून दाखवलं.

आता लाजेची गोष्ट सांगते. संस्थेत नवी मुलं येतात त्यांना मी दरवर्षी एक तास शिकवते. त्यात एक चित्र आहे, त्यावर मीच मोठी फुली मारली आहे. खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्याजवळ, पाण्यातला गाळसुद्धा उजेड परत फेकतो आणि आमचं गणित त्याला वनस्पती समजतं, तेव्हा किनाऱ्याजवळच्या लाल ठिपक्यावर विश्वास ठेवू नका, असं मी मुलांना बजावते. एकदा एका मुलीला यावरून झापलंही होतं. पण ते शिकवायचं ज्ञान होतं. वापरायची वेळ कधी आली नव्हती, कारण माझ्या बर्फात गाळ नसतो. आणि रविवारी मावशी आली ती माझ्यासाठी वेगळं काढून ठेवलेलं पापलेट घेऊन आली.

जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे मी दिशा आणि अंतर लिहून दिलं. बाबा शेजारी उभे राहून "नीट लिही, तीन आणि आठ सारखे काढू नको" अशा सूचना करत होते. मावशीने ती चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि कमरेच्या पिशवीत औषधांच्या पट्टीशेजारी ठेवली. मला कसंतरीच झालं. पण वाईट नाही वाटलं, हेही कबूल करायला हवं.

बुधवारी बेल वाजली तेव्हा वाडगं घेऊन मी स्वतः दार उघडलं. मावशीने पाटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्या वाडग्यात उलटी केली. काळाकुट्ट गाळ. त्यात वेफर्सची दोन रिकामी पाकिटं, लहान मुलाची एक डाव्या पायाची चप्पल आणि तीन मांदेली.

"हे तुझं हिरवं," ती म्हणाली.

दिवसभर जाळं ओढून त्यांना हे मिळालं होतं. गाळाने जाळं इतकं जड झालं की एका बाजूला फाटलं. पुढचे दोन दिवस ते शिवण्यात जाणार होते, म्हणजे तिच्या त्या एका बऱ्या आठवड्यातले दोन दिवस मीच खाल्ले होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मावशीने पाटी उचलली आणि पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, सेक्रेटरींच्या दारासमोर जाऊन बसली. सेक्रेटरींच्या घरात अंडंसुद्धा जात नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे मासळी बंद झाली. मावशी यायची, सगळ्या मजल्याला द्यायची, आमच्या दाराकडे बघायचीही नाही. शेजारीण मुद्दाम आमच्या दारात येऊन विचारायची, "आज सौंदाळे छान होते, तुम्ही घेतले नाहीत?" आई बाजारात गेली. तिथे बसणारी मावशीची मावसबहीण निघाली. तिने बांगड्याला हात लावू दिला नाही. "तुमच्या मुलीला बोला ना, वरून बघून सांगेल कुठला ताजा हाय," असं म्हणून तिने शेजारणींना हसवलं. आई कोथिंबीर घेऊन परत आली. मग मी दादरला गेले, कारण दादरला आपल्याला कोण ओळखतं. तिथल्या बाईने सुरमई तोलायला घेतली, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तू ती बर्फवाली काय गो?" कोळणींची बातमी पोचायला उपग्रह लागत नाही.

बाबांचे हाल बघवत नव्हते. लवकरच नवरात्र येणार आणि मासळी पुन्हा बंद होणार, म्हणजे मधले मोजके दिवस त्यांच्या हक्काचे होते आणि ते वांग्यावर चालले होते. त्यांनी बर्फ विचारणं सोडलं. एका दुपारी ताटातलं वांगं बाजूला सारून ते म्हणाले, "चौदा वर्सां वयरसून बघतंस, आणि एक मासो गावलो नाय तुका?"

"बाबा, मी बर्फ बघते. मासे नाही."

"मग चिठ्ठी कशाक लिवलंस?"

आई त्यांची बाजू घेत नव्हती आणि माझीही नाही. ती शांतपणे पुढचं वांगं चिरत होती.

मी संस्थेचं काम बाजूला ठेवलं आणि तीन दिवस तो ठिपका घेऊन बसले. गाळ कोणत्या रंगात जास्त उठून दिसतो आणि वनस्पती कोणत्या, ते वेगळं काढलं. जुनी चित्रं काढली, त्या-त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा शोधल्या आणि शेजारी मांडल्या. खाडीच्या तोंडातून गाळ बाहेर पडतो, किनाऱ्याला धरून वळतो आणि पसरतो, हे स्वच्छ दिसलं. माझी चूक किती ढळढळीत होती ते कळलं. मासे कुठे आहेत ते मात्र अजिबात कळलं नाही. मला स्वतःचा राग आला, मग मावशीचा आला, मग परत स्वतःचा. माझ्यामुळे ती होडी जायला नको होती. आतापर्यंत माझ्या चुकीने कुणाचं काही गेलं नव्हतं.

होडी बघायला माणूस येणार होता त्या रविवारी मी कोळीवाड्यात गेले. हातात चित्राची रंगीत प्रिंट आणि आईने दिलेला नारळाच्या वड्यांचा डबा. होडी किनाऱ्यावर ओढलेली होती. पांढरे बूट घातलेला एक माणूस तिच्या अंगावर बोटाच्या पेरांनी टकटक करत होता, जसं कलिंगड बघतात तसं. मावशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मुलगा जमिनीवर बसून जाळं आवरत होता. अंगात जुना टी-शर्ट आणि खाली सिक्युरिटीची नवीकोरी निळी पॅन्ट, धार मोडू नये म्हणून पाय लांब सोडलेले.

मावशीने मला बघितलं आणि तोंड फिरवलं. मी घरून तयार करून आणलेलं सगळं विसरले आणि सरळ म्हटलं, "मावशी, चूक माझी आहे. गाळ होता, आणि मी त्याला हिरवं समजले. मला माहीत असायला हवं होतं. माझ्या चिठ्ठीवरून होडी विकू नका."

पांढऱ्या बुटांच्या माणसाची टकटक थांबली. मी प्रिंट पुढे केली. ती मुलाने घेतली. त्याने ती आधी उलटी धरली, मग सुलटी केली, आणि लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ही खाडी," तो म्हणाला. "ओहोटी लागली की हिथून सुटतो. पाऊस झाला असला तर जास्त. मग असा वळतो." त्याचं बोट किनाऱ्याला धरून गेलं आणि तीन दिवसांनी मला जिथे पोचता आलं होतं तिथे जाऊन थांबलं. "बरोबर काढलंय तुम्ही. गाळच हाय."

"तुला ठाव होतं?" मावशीने विचारलं.

"होय."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. निघताना बोललो. इंजिन लावताना परत बोललो. तू बोललीस, ती शिकलेली हाय, तू गप जा."

"आणि गेलास?"

"तू चिठ्ठी कपाळाला लावलीस ना, आई."

तो हे तक्रारीने म्हणाला नाही. जाळ्याची गाठ सोडवता सोडवता म्हणाला. मला तोंड लपवावंसं वाटलं. मला त्याला सांगायचं होतं की आमच्या बर्फावर कुणी राहत नाही. माझा ठिपका चुकला तर कुणी येऊन माझ्या वाडग्यात गाळ ओतत नाही. चौदा वर्षं कुणी ओतला नाही, आणि त्यालाच मी बरोबर असणं समजत आले. पण हातात वड्यांचा डबा होता, तो मी त्याला दिला.

नवरा गेल्यापासून म्हावरं कुठे लागेल ते मावशीने कुणाकुणाला विचारलं होतं ते मला आईकडून माहीत होतं. त्याच्या फोटोला विचारायची, भगताला विचारलं, मोबाईलवरचं शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यायची, आणि शेवटी मला. सहा वर्षं रोज दर्यावर जाणारा माणूस तिच्याच घरात जेवत होता. ती त्याच्याकडे असं बघत होती की हा कोण, कधी आला.

मग ती पांढऱ्या बुटांच्या माणसाला म्हणाली, "भाऊ, चहा घ्या आणि जा."

"म्हणजे?"

"म्हणजे साखर किती ते सांगा."

तो काहीतरी पुटपुटला. मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती मुलाला म्हणाली, "मग उद्या कुठं जायचं? तू सांग."

चौतीस वर्षांचा तो बाप्या कानापर्यंत लाल झाला. त्याने हात नव्या पॅन्टला पुसले, दोन्ही मांड्यांवर गाळाचे पंजे उमटले, आणि तो उठून पाण्याच्या कडेला गेला. कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. पाण्याकडे बघितलं, वाऱ्याकडे तोंड केलं, परत पाण्याकडे बघितलं. मावशी खुर्चीच्या कडेवर आली होती. शेवटी त्याने हात लांब केला.

"तिथं."

मावशीने मान हलवली. मी त्याच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले आणि त्याच्या बोटाच्या रेषेत डोळे बारीक करून बघितलं. मला नुसतं पाणी दिसलं.